बांधावरच्या निवडुंगाबद्दल

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

बांधावरचा निवडुंग काढायला जेसीबी सांगितलायस, तो आधी थांबव. फड्या निवडुंगाच्या प्रत्येक डोळ्यात, उसाच्या डोळ्यासारखीच, फुटायची ताकद असते. यंत्राने जाळीचे शंभर तुकडे होतील आणि पहिल्या पावसात शेतभर रुजतील. ओढ्यात ढकललास तर खालच्या गावाला त्रास.

पण आधी ओळख पक्की कर. फडाला, म्हणजे त्याच्या चपट्या, पानासारख्या भागाला, सुरीने चीर दे. पांढरा चीक आला तर तो त्रिधारी किंवा दुसरा चिकाचा निवडुंग. त्यातलं काहीही तोंडात घालायचं नाही, आणि चीक डोळ्यात गेला तर फार वाईट. फड्याचा रस बुळबुळीत, पाण्यासारखा असतो.

काढायचं काम उन्हाळ्यात कर. लांब दांड्याच्या दाताळ्याने फड उचल, बुडखा टिकावाने खणून काढ, ढीग कातळावर किंवा जाड ताडपत्रीवर लाव. मातीला टेकलेला थर पुन्हा रुजतो, म्हणून ढीग अधूनमधून उलट. ओला फड पेटत नाही. पावसाआधी वाळला नाही तर तीन फूट खोल पूर.

फडावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात का, तेही बघ. चिरडल्यावर किरमिजी रंग आला तर तो कोचिनील किडा, निवडुंग संपवणारा तुझा सगळ्यात स्वस्त गडी. लाल रंगासाठी म्हणून १७९५ साली ब्राझीलहून आपल्या देशात किडा आणला, पण जात चुकीची निघाली. तिने दुसराच निवडुंग फस्त केला. फड्यासाठी १९२६ साली श्रीलंकेहून वेगळी जात आणावी लागली. किडा लागलेले फड निरोगी जाळीत खोचून ठेव. जोराच्या पावसात पिल्लं धुऊन जातात, म्हणून हेही कोरड्या दिवसांतच. घाई करू नकोस, जाळी बसायला वर्षही लागतं.

आता बोंडं, म्हणजे फड्याची फळं. सौराष्ट्रात ह्यांना फिंडला म्हणतात आणि सरबत आवडीने पितात. आपण वाया घालवतो ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. तणनाशक मारलेल्या जाळीची मात्र नकोत. पूर्ण गडद लाल झालेलीच चिमट्याने पिळून तोड. मोठा काटा दिसतो तरी. खरा त्रास बारीक कुसळांचा. ती जिभेत, घशात रुततात आणि नुसत्या धुण्याने जात नाहीत. म्हणून बोंड चिमट्यात धरून आचेवर सगळ्या बाजूंनी फिरव, कुसळं चरचरून जळेपर्यंत. मग ब्रशने घास, दोन्ही टोकं काप, उभी चीर देऊन साल सोल. गर कुस्कर आणि दुहेरी मलमलीतून गाळ. एकेरी कापडातून एखादं कुसळ निसटतंच.

एक वाटी रसाला एक वाटी साखर घालून पाच मिनिटं उकळ, गार झाल्यावर दोन चमचे लिंबाचा रस घाल. रंग बिटासारखा येतो. लघवी लालसर झाली तर घाबरू नकोस. बिया मात्र गिळू नका. मूठमूठभर पोटात गेल्या तर आतड्यात गोळा होऊन शौचाला अडतं, मुलांना तर जपच.

गाळलेल्या बिया उकिरड्यावर टाकू नकोस, शेणखताबरोबर परत शेतातच जातील. चुलीत घाल. आणि पाऊस सुरू झाला की दर पंधरा दिवसांनी बांधावर फेरी मार. बोटभर रोप जाड हातमोज्याने सहज निघतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनू