नुसतं 'मस्त लिहिलं' म्हणून काय होते?

संपादक साहेब,

पोराच्या कॉलेजात एकमेकांचे निबंध वाचून शेरे द्यायला लावतात, कल्पना चांगली आहे पण मित्रानं त्याच्या वहीवर लिहिलं काय तर 'मस्त, भारी, अक्षर सुधार', आता याच्यावरून त्यानं सुधरवावं काय ते सांगा. विषय होता आमच्या नागपूरच्या अंबाझरी तलावाचा पूर. पहिलंच वाक्य 'पाणी म्हणजे जीवन', अन् पुढे दीड पान नुसतं वर्णन. मी म्हटलं, बाप्पा, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओव्हरफ्लो झाला हे अख्ख्या नागपूरला माहीत आहे, ही तर बातमी झाली, तुझं म्हणणं काय आहे? मग त्यानं लिहिलं, 'तलावातून निघणाऱ्या नाग नदीचं पात्र मोकळं ठेवलं असतं तर नुकसान कमी झालं असतं.' आता याच्याशी कोणी भांडू तरी शकते! अन् दुसऱ्या ड्राफ्टवर त्याच मित्रानं विचारलं, 'तिसऱ्या पॅऱ्यात झाडं लावायचं आलं, त्याचा पात्राशी काय संबंध?' अस्सा शेरा पाहिजे. पोरानं चिडून का होईना, तो पॅरा खोडला. सरांनी या शेऱ्यांनाही दोन मार्क ठेवावे, तेव्हाच पोरं नीट वाचतील.

— एक पालक, धरमपेठ, नागपूर