पीएसएच्या आकड्यासोबत चार प्रश्नही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या आपल्या खान्देशात ‘फुल बॉडी चेकअप’चे पेव फुटले आहे. शिबिर असो की घरी येऊन रक्त नेणारी लॅब, पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या पॅकेजमध्ये पीएसए ही प्रोस्टेटची (मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) रक्तचाचणी हमखास असते. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट येतो, आकड्यापुढे ठळक ‘हाय’. पुढे काय करायचे ते मात्र कोणी सांगत नाही.

मी लॅब टेक्निशियन म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे असे कागद घेऊन लोक अजूनही ओट्यावर येतात. मध्यंतरी यावलकडचे एक केळी बागायतदार आबा आले. पीएसए ६.८. बसायच्या आधीच विचारले, “माले कॅन्सर व्हयना का?” चौकशी केली तर थोड्याच दिवसांपूर्वी लघवी तुंबल्याने नळी टाकलेली, त्यात जंतुसंसर्ग. अशा वेळी पीएसए चढणारच. डॉक्टर सहसा सहा-आठ आठवडे थांबून ती पुन्हा करायला सांगतात. पण रक्त घेताना हे आबांना कोणी विचारलेच नव्हते.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. कॅन्सरमध्ये ते वाढते, तसे वयोमानाने ग्रंथी फुगली तरी वाढते. आदल्या एक-दोन दिवसांतल्या शरीरसंबंधानेही आकडा थोडा हलतो (हे विचारायला आपल्याकडे सगळेच लाजतात). ४ ही रूढ मर्यादा असली, तरी ४ ते १० या टप्प्यात बायोप्सी केलेल्यांपैकी साधारण चौघांत एकालाच कॅन्सर सापडतो. म्हणून आधी गुदद्वारातून बोटाने तपासणी, फ्री पीएसएचे (रक्तात मोकळे फिरणाऱ्या पीएसएचे) प्रमाण, गरज वाटल्यास एमआरआय, आणि मग बायोप्सी.

मला जास्त काळजी वाटते ती ‘नॉर्मल’ रिपोर्टची. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने-वर्षभर घेणाऱ्याचा पीएसए जवळपास निम्म्यावर येतो. कागदावर ३ दिसले तर डॉक्टर ते ६ धरतात. लॅबच्या संगणकाला गोळी ठाऊक नसते, तो ‘नॉर्मल’ छापून मोकळा होतो आणि घरचे निर्धास्त.

सरसकट सर्वांची पीएसए करावी का, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. काही गाठी इतक्या हळू वाढतात की उपचारांचाच त्रास जास्त. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ठरवा, सत्तरीनंतर सरसकट चाचणी नको, असे सांगितले. लघवीतून रक्त जात असेल तर गोष्ट वेगळी. त्याने शिबिराची वाट न पाहता थेट युरोलॉजिस्ट गाठावा.

शिबिर भरवणाऱ्या मंडळांना आणि लॅबचालकांना विनंती, की रक्त घेण्याआधी फॉर्मवर चार गोष्टी लिहून घ्या: चालू गोळ्या, नळी किंवा जंतुसंसर्ग, मागचा पीएसए, वडील-भावांपैकी कोणाला हा आजार होता का. आणि रिपोर्टवर एखाद्या डॉक्टरचा फोन नंबर छापा, जो उचलला जाईल.

— एक निवृत्त लॅब टेक्निशियन, अमळनेर (जि. जळगाव)