पक्या, म्युस्कादे पिऊन बघच

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचला, व्हाइट वाइन म्हणजे लिंबू पिळलेलं महागडं पाणी म्हणे! अरे तू पुण्यात त्या लग्नात कोमट झालेली गोडसर कुठली तरी प्यायलास आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजतोयस. आणि मासे खाणाऱ्या माणसाने असं बोलावं? तुझ्यासारख्या मालवणच्या माणसासाठीच तर इथे फ्रान्समधल्या नाँत शहराभोवतीचे लोक म्युस्कादे ही व्हाइट वाइन बनवतात.

ही लुआर नदी समुद्राला मिळते त्या भागातली वाइन. द्राक्ष एकच, मलों द बुर्गोन्य, फ्रान्सच्याच बुर्गोन्य (बर्गंडी) भागातून आलेलं. १७०९ च्या हिवाळ्यात इथे अशी भयानक थंडी पडली की द्राक्षांचे मळेच्या मळे मेले, मग थंडीला दाद न देणारं हे द्राक्ष लोकांनी सगळीकडे लावलं. त्याआधी डच व्यापारी इथली पांढरी वाइन न्यायचे ती ब्रँडी गाळायला, म्हणजे चवीचं कौतुक कुणालाच नव्हतं बघ.

वास घेशील तर फार काही मिळणार नाही, आधीच सांगतो. ना आंबा ना अननस ना फुलंबिलं. पण घोट घे, आधी हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, मग जिभेच्या कडांना किंचित खारटपणा आणि बारीक चुरचुर, सोडा नव्हे, त्याच्या कितीतरी कमी. ही चुरचुर येते कारण बाटलीवर ‘स्यूर ली’ (म्हणजे ‘गाळावर’) लिहिलेली वाइन फर्मेंट झाल्यावर तळाला बसलेल्या मेलेल्या यीस्टवर तशीच हिवाळाभर ठेवतात, दुसऱ्या टाकीत काढत नाहीत, आणि १ मार्चच्या आधी बाटलीत भरायची परवानगीच नसते. त्या गाळामुळे थोडी पावाच्या कणकेसारखी चवही उतरते. अल्कोहोल साधारण १२ टक्के, म्हणजे दुपारी जेवताना प्यायलास तरी संध्याकाळ शाबूत राहते.

आता खाणं. इथे तालांसाकचं मार्केट आहे, शनिवारी सकाळी तिथे कालवं घेऊन उभ्याउभ्या खातात. कच्ची, हो, जिवंतच! विकणारा बुटक्या सुरीने बिजागरीपाशी टोचून शिंपला उघडतो, आतलं खारं पाणी सांडू न देता ताटलीत ठेवतो, सोबत लिंबाची फोड, राय ब्रेड आणि खारं लोणी. आपण कालवं मसाल्यात घालून खाणारे, त्यामुळे आधी पोटात गोळा आला होता, पण कालव गिळून वर थंडगार म्युस्कादेचा घोट घेतला की तोंडातला समुद्राचा वास धुऊन निघतो आणि पुढचं उचलावंसं वाटतं. लिंबूसुद्धा लागत नाही, माझ्या मते पिळूच नये.

शिणाणे तर याच वाइनमध्ये शिजवतात, कांदा, लोणी, पार्स्ली, झाकण ठेवायचं, तोंडं उघडली की झालं. आणि बर ब्लाँ नावाचा सॉस, व्हिनेगर आणि म्युस्कादेत बारीक कांदा आटवून त्यात थंड लोणी फेटत जायचं, नदीच्या माशावर ओतायचं. इथल्या क्लेमाँस लफव्र नावाच्या बाई बेआर्नेज हा अंडी-लोण्याचा सॉस करताना अंडी घालायला विसरल्या आणि हा सॉस झाला असं सांगतात, खरं खोटं देव जाणे, पण लोणी इतकं असतं की ही आंबट वाइन नसती तर दोन घासांत हात आखडला असता.

आपल्या जेवणाबरोबर? रवा लावलेले बोंबील, मांदेली, मीठ-हळदीतली साधी तळलेली सुरमई यांच्याबरोबर झकास. पण तिखट कालवण, तिसऱ्यांचं सुकं वगैरेच्या वाटेला जाऊ नकोस, मसाल्यापुढे हिची चव मरते आणि नुसता आंबटपणा उरतो, तिथे आपली सोलकढीच बरी.

येशील तेव्हा महागाची शोधत बसू नकोस, साधी ‘सेव्र ए मेन स्यूर ली’ (सेव्र ए मेन हा म्युस्कादेचाच एक भाग) आठ-दहा युरोत मस्त मिळते, शक्यतो एक-दोन वर्षांचीच घे. फक्त क्लिसाँ, गोर्ज असली गावांची नावं लेबलवर दिसली तर ते प्रकरण वेगळं, २०११ पासून त्यांना स्वतंत्र मान आहे, क्लिसाँची वाइन तर किमान दोन वर्षं गाळावर ठेवतात, ती जाडसर लागते आणि क्रीममधल्या चिकनलाही पुरून उरते. तसली एक माझ्याकडे पडून आहे, ती फोडू. बाकीच्या ८-१० डिग्रीला प्यायच्या, फ्रीजरमध्ये गोठवून नाही, आणि बर्फ टाकलास तर घरात घेणार नाही!

तिकिटांचं काय ते लवकर कळव, काकूंना नमस्कार.

तुझा,
नित्या