जर्मनीत एका शहरातून दुसऱ्या शहरात, कमी पैशांत

चि. ऋचा,

अनेक आशीर्वाद.

आखेनला पोचल्यावर कोलोन, फ्रँकफर्ट, बर्लिन, जमलं तर ब्रसेल्स आणि पॅरिसही बघायचं तुझ्या मनात आहे. बघावंसच. विद्यार्थ्याच्या खिशाला हे सगळं परवडतं, पण तिथल्या तिकिटांचे नियम आधी नीट समजून घ्यायला हवेत. तिकीट स्वस्त मिळतं तेव्हा त्या बदल्यात आपण काहीतरी सोडलेलं असतं. कधी वेळ, कधी गाडी बदलण्याची मुभा, कधी सामान, तर कधी शहराच्या मध्यात उतरण्याची सोय. दर वेळी पैसे भरण्याआधी स्वतःला विचार, यात मी काय सोडते आहे?

सुरुवात उतरण्याच्या दिवसापासून करते. फ्रँकफर्ट विमानतळावरून आखेनला थेट आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी जाते, ब्रसेल्सकडे जाणारी. साधारण दोन तासांचा प्रवास. तिचं सर्वांत स्वस्त तिकीट, म्हणजे सुपर श्पारप्राइस, आत्ताच काढून ठेवायचा मोह होईल. काढू नकोस. ते तिकीट एकाच ठरलेल्या गाडीला बांधलेलं असतं. विमानाला उशीर झाला, इमिग्रेशनची रांग लांबली किंवा बॅग उशिरा आली आणि गाडी चुकली, तर त्यात रेल्वेची काही जबाबदारी नसते आणि तिकीट वाया जातं. त्या दिवसापुरतं फ्लेक्सप्राइस घे. थोडं महाग पडेल, पण त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही गाडी चालते. विमानतळावर स्टेशनंही दोन आहेत. लोकल आणि रीजनल गाड्यांचं टर्मिनल १ च्या खाली, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचं, म्हणजे फेर्नबानहोफ, वेगळ्या इमारतीत. तिथे टर्मिनल १ मधून आच्छादित पुलाने चालत जाता येतं. पाट्या बघतच चाल. दोन मोठ्या बॅगा घेऊन चुकीच्या स्टेशनात उतरलीस तर परत वर यायला बराच वेळ जातो.

आता तुझ्या खऱ्या आधाराबद्दल. २०२३ च्या मे महिन्यात जर्मनीने डॉइचलांडटिकेट नावाचा मासिक पास आणला. तो ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला आणि २०२६ पासून ६३ युरो आहे. देशभरातल्या रीजनल गाड्या (आरई, आरबी), एस-बान म्हणजे उपनगरी गाड्या, मेट्रो, ट्राम आणि शहर बस, सगळं त्यात येतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि शहरा-शहरांत धावणारी खासगी फ्लिक्सबस त्यात येत नाहीत. विद्यार्थ्यांसाठी याचीच सेमिस्टरभराची आवृत्ती मूळ किमतीच्या ६० टक्क्यांना मिळते. आखेनमध्ये ती सेमिस्टरच्या शुल्कातच धरलेली असते, म्हणजे तू तिचे पैसे भरलेलेच असतील. ती वापरली नाहीस तर तो तोटा.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. हा पास सेमिस्टरच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे १ ऑक्टोबरपासून लागू होतो आणि तोही नावनोंदणी पूर्ण झाल्यावर. सप्टेंबरमध्ये पोचलीस तर त्या दिवसांत दर प्रवासाचं वेगळं तिकीट काढावं लागेल. त्या काळापुरता सर्वसामान्य डॉइचलांडटिकेट घ्यावासा वाटला, तर तो वर्गणीसारखा चालतो हे विसरू नकोस. चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केला नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. २० सप्टेंबरला घेऊन ३० ला थांबवता येत नाही. आठ-दहा दिवसांत फार फिरणार नसशील तर त्या वाटेला जाऊच नकोस.

पास फोनमध्ये असतो आणि नावावर असतो. तपासनीस आला की पास आणि ओळखपत्र दोन्ही दाखवायचं. वैध तिकीट नसेल तर दंड ६० युरो. फोनची बॅटरी संपली हेही तिथे तिकीट नसण्यासारखंच धरतात. नंतर पास दाखवून रक्कम कमी करून घेता येते, पण त्यासाठी हेलपाटा पडतो. म्हणून पॉवरबँक नेहमी जवळ ठेव. आणखी एक, रीजनल गाडीत रिकामी, छान आसनं दिसली तर दारावर किंवा काचेवर १ हा आकडा नाही ना ते बघ. तो पहिला वर्ग. तुझा पास दुसऱ्या वर्गाचा आहे आणि तिथे बसल्याचा दंडही तेवढाच.

डीबी नॅव्हिगेटर हे रेल्वेचं ॲप उतरवून घे. त्यात डॉइचलांडटिकेटवर चालणाऱ्याच गाड्या दाखवण्याची सोय आहे, ती चालू ठेव. गाडी बदलण्यासाठीचा किमान वेळही तिथेच वाढवून १० ते १५ मिनिटं कर. ॲप आपल्याआप सुचवतं त्यात कधी चार-पाच मिनिटांत फलाट बदलायचा असतो, आणि आधीची गाडी सहा मिनिटं उशिरा आली की पुढची गेलेली असते. पासवर गाडीचं बंधन नाही, त्यामुळे पैसे जात नाहीत, पुढची गाडी धरायची. फक्त छोट्या स्टेशनवर ती तासाने असते. म्हणून रात्री परतताना वेळापत्रकातली शेवटची गाडी धरू नकोस, तिच्या आधीची धर.

आखेनहून कोलोनला आरई १ आणि आरई ९ जातात, तासाभरात पोचवतात. पुढे फ्रँकफर्टला पासवर जायचं तर ऱ्हाइनच्या काठाने कोब्लेंत्स आणि माइन्त्समार्गे जा. आखेनपासून सगळा प्रवास चार-साडेचार तासांचा होतो, पण कोब्लेंत्सच्या पुढचं खोरं २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि तू ते फुकट बघतेस. नदीच्या पश्चिम काठावरची गाडी घे आणि जाताना डाव्या हाताच्या खिडकीशी बस. एकामागून एक किल्ले आणि द्राक्षांचे मळे दिसतात. हा प्रवास दिवसाउजेडीच करायचा. बर्लिन किंवा म्युनिकला मात्र रीजनल गाड्यांनी जायच्या फंदात पडू नकोस. अख्खा दिवस जातो, चार-पाच वेळा गाडी बदलावी लागते आणि पोचल्यावर काही बघायचं त्राण उरत नाही. साधारण चार-पाच तासांच्या आतलं अंतर पासवर, त्यापुढे आयसीई किंवा बस, असं मी म्हणेन.

आयसीईचं तिकीट स्वस्तात हवं असेल तर लवकर काढायला हवं. सर्वांत स्वस्त सुपर श्पारप्राइस, त्यावर श्पारप्राइस, त्यावर फ्लेक्सप्राइस. पहिल्या दोन्हींत गाडी ठरलेली असते. श्पारप्राइस आदल्या दिवसापर्यंत शुल्क कापून रद्द करता येतं, सुपर रद्द होतच नाही. शुक्रवारची दुपार आणि रविवारची संध्याकाळ सर्वांत महाग, मंगळवार-बुधवार स्वस्त. २७ वर्षांखालच्यांना वेगळे स्वस्त दर असतात, ते ॲपमध्ये वय नीट भरलं तरच दिसतात. बानकार्ड २५ घेतलंस तर श्पारप्राइसवरही २५ टक्के सूट मिळते, पण ते वेळेत रद्द केलं नाही तर पुढच्या वर्षासाठी आपोआप चालू राहतं. घेतल्या दिवशीच रद्द करण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेव.

आता ज्यात नवीन विद्यार्थी सर्वांत जास्त पैसे घालवतात ते. समज, तुला कोलोनमार्गे बर्लिनला जायचं आहे. आखेन ते कोलोन पासवर फुकट, म्हणून तू कोलोन ते बर्लिनचं सुपर श्पारप्राइस काढलंस आणि मध्ये २० मिनिटं ठेवलीस. आरई १ अर्धा तास उशिरा आली आणि आयसीई गेली. रेल्वेच्या लेखी हे दोन वेगळे करार आहेत. पासवरच्या गाडीचा उशीर पुढच्या तिकिटाला लागू होत नाही. तिकीट गेलं, आणि ऐन वेळी दुसरं काढायचं तर कितीतरी पट पैसे. हेच तिकीट तू थेट आखेन ते बर्लिन असं काढलं असतंस, तर रीजनल गाडीचा टप्पाही त्याच करारात आला असता. मग मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की एकाच गाडीचं बंधन उठतं आणि नंतरची कुठलीही आयसीई घेता येते. ॲपमध्ये तशी नोंद येते, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेव. चार युरो वाचवायचेच असतील तर कोलोनमध्ये निदान तासाभराचं अंतर ठेव. नाहीतर आखेनपासूनच तिकीट काढ.

कोलोनमध्ये आणखी एक घोळ होतो. मुख्य स्टेशन नदीच्या एका काठाला आणि कोलोन मेसे/डॉइट्स हे दुसरं स्टेशन पलीकडच्या काठाला. बऱ्याच आयसीई फक्त डॉइट्सला थांबतात. आखेनच्या आरई गाड्या दोन्हीकडे थांबतात, फक्त तिकिटावर कुठलं नाव आहे ते वाचूनच उतर.

उशीर झाला की पैसे परत मागायचे, लाजायचं नाही. मुक्कामी ६० मिनिटं उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, १२० मिनिटं झाला तर ५० टक्के मिळतात, अगदी सुपर श्पारप्राइसवरही. अर्ज तीन महिन्यांच्या आत, ॲपमधूनच. ४ युरोंच्या खालची रक्कम देत नाहीत. रात्रीची शेवटची गाडी रद्द झाली आणि मध्यरात्रीपर्यंत पोचणं शक्यच नसेल, तर टॅक्सीचा खर्च १२० युरोंपर्यंत मागता येतो. पण आधी स्टेशनवरच्या माहिती-काउंटरला विचार. त्यांनी काही सोय केली नाही तरच टॅक्सी, आणि पावती जपून ठेव.

फलाटावर नुसता क्रमांक बघून भागत नाही. फलाटाचे ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात आणि तुझा डबा कुठल्या भागात येणार ते फलकावर दिसतं. काही रीजनल गाड्या वाटेत दोन भागांत सुटतात, पुढचा भाग एका गावाला आणि मागचा दुसऱ्या. फलकावर ‘फोर्डरर त्सुगटाइल’ म्हणजे पुढचा भाग, ‘हिंटरर’ म्हणजे मागचा. चढताना डब्याच्या बाजूवर लिहिलेलं गाव वाच. ‘फेल्ट आउस’ दिसलं तर ती गाडी रद्द. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात तेव्हा गाडीऐवजी बस सोडतात. तिला एसईव्ही म्हणतात, तुझा पास तिच्यात चालतो, पण वेळ जास्त लागतो आणि ती स्टेशनच्या बाहेरून सुटते. निघण्याच्या आदल्या रात्री ॲप पुन्हा एकदा बघत जा.

बसचं बोलायचं तर फ्लिक्सबस स्वस्त असते, विशेषतः ऐन वेळी ठरलेल्या प्रवासाला. २० किलोपर्यंतची एक बॅग पोटात आणि ७ किलोची एक हातात, एवढं तिकिटात धरलेलं असतं. बस कोणासाठी थांबत नाही, १५ मिनिटं आधी पोच. इथे तू सोडतेस ती उतरण्याची जागा. कोलोनचं तिकीट म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा विमानतळावरचं असतं. बर्लिनचं बसस्थानक मुख्य स्टेशनपासून दूर, पश्चिमेला प्रदर्शन मैदानापाशी आहे. म्युनिकचं मात्र हाकरब्रुकेला, मुख्य स्टेशनपासून एस-बानचं एकच स्थानक. तुझ्याकडे पास असल्याने पुढचं भाडं लागत नाही, पण रात्री दोनला अनोळखी विमानतळावर उतरायचं की नाही ते तिकीट काढतानाच ठरव. रात्रीची बस घेतलीस तर सकाळी सहानंतर पोचणारी घे.

स्वस्त विमानांबद्दल थोडक्यात. फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर लांब आहे. पॅरिसच्या नावावर विकला जाणारा बोव्हेही ८० किलोमीटरच्या घरात. विमानाच्या भाड्यात तिथली बस आणि बॅगेचे पैसे मिळवल्यावरच तुलना कर. युरोपीय महासंघाबाहेरच्या प्रवाशांना काही विमान कंपन्यांच्या काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात, त्यामुळे हाती बोर्डिंग पास असला तरी लवकर जा.

कागदपत्रांबाबत मात्र कुठलीच हयगय नको. आखेनहून बेल्जियम आणि नेदरलँड्स हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणून सहज जावंसं वाटतं. वैध निवास परवाना आणि मूळ पासपोर्ट असेल तर इतर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. दोन्ही मूळ कागद बरोबर हवेत, फोनमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे आणि गाडी-बस थांबवून पासपोर्ट बघतात. व्हिसा संपत आला असेल आणि परवान्याचं कार्ड यायचं असेल, तर मधल्या काळासाठी फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद देतात. त्याचे प्रकार आहेत, आणि सगळ्यांवर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. परदेशी नागरिक कार्यालयात स्वतः विचारून खात्री होईपर्यंत जर्मनीतच फिर. ब्रसेल्सहून लंडनची रेल्वे सोपी दिसते, पण ब्रिटनला वेगळा व्हिसा लागतो.

इंटररेलचा पास सध्या घेऊ नकोस. तो एका सुट्टीत पाच-सहा देश करणाऱ्यांसाठी ठीक आहे. घेशील तेव्हा इंटररेलच घे, युरेल नाही. युरेल युरोपात न राहणाऱ्यांसाठी आहे आणि तू तर आता तिथली रहिवासी असशील.

पहिले दोन-तीन शनिवार कोलोन आणि बॉन एवढंच कर, पासवर आणि सकाळी निघून संध्याकाळी परत. गाडी चुकणं, फलाट बदलणं, बसने जावं लागणं, हे सगळं तिथे होऊ दे, कारण तिथे त्याचे पैसे पडत नाहीत. बर्लिनचं तिकीट त्यानंतर काढ. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी तिथलं रेल्वेचं वेळापत्रक दरवर्षी बदलतं. नाताळच्या सुट्टीचा बेत त्याआधी ठरवलास तर नव्या वेळा पुन्हा तपासून घे.

निघताना गाडीचा क्रमांक आणि पोचायची वेळ मला कळवत जा.

तुझी,
आई