पेशवाई कपाटाचं बिंग

नाशिक,
१८ जानेवारी

प्रिय शिऱ्या,
सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच 'किती आले?' विचारलं असतंस, म्हणून मुद्दाम लिहितोय. आकडा शेवटी आहे, उड्या मारू नकोस.

भांडी बाजारातला वाडा पाडायला घेतलाय, हे तुला ठाऊकच आहे. वाटणीत माझ्याकडे आलं ओसरीवरचं खणांचं कपाट. तेच रे, ज्याच्या खालच्या खणात आपण गोट्या लपवायचो आणि मग तो खण अडकून बसायचा. घरात त्याला कायम 'पेशवाई कपाट' म्हणत. पणजोबांना कुणा सरदाराने दिलं म्हणे. मीही पाहुण्यांना हे चाळीस वर्षं ऐकवलं.

गंगापूर रोडला फ्लॅटवर आणलं आणि पहिला गाढवपणा केला. डाव्या अंगाला तळाशी पाण्याचा वीतभर डाग होता, तो घालवायला पॉलिशवाला बोलावला. त्याने मशीन लावून अर्ध्या तासात ती बाजू पांढरीफटक केली. बाकीचं कपाट गुळाच्या काकवीच्या रंगाचं आणि ही बाजू कालच वखारीतून आणल्यासारखी! पोटात गोळा आला. त्याला तिथेच थांबवलं.

मग एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींना गाठलं. त्यांनी कपाटाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खण काढून पालथा घातला, बॅटरी मारली, सांध्यांवरून बोट फिरवलं. सांध्याचे दात एकसारखे नव्हते, एक जाड, एक बारीक. मग पितळी कोपऱ्याचा एक स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या डोक्यावरची खाच मधोमध नव्हती, जरा एका बाजूला सरकलेली. "हातानं पाडलीय," म्हणाले. जोधपूरला असला पितळी कोपऱ्यांचा माल आजही बनतो, तेव्हा त्यांनी आधी तीच शंका फेडून घेतली. पण इथे लाकूड कोरून पितळ आत बसवलंय, नखाला कड लागत नाही. मुठीसुद्धा तशाच, आत बुडालेल्या. शेवटी त्यांनी पाय धरून फिरवला, तर तो आट्यांवरून सुटून हातात आला! मी बघतच राहिलो. मग वरचा अर्धा भाग अलगद उचलून बाजूला ठेवला.

"हे वाड्याचं नाही, पलटणीचं," ते म्हणाले. "पाय काढा, दोन तुकडे करा, गाडीत टाका, चला पुढच्या मुक्कामाला."

कुलपावर मुकुट आहे आणि त्याच्याजवळ व्ही. आर. अशी अक्षरं, म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना, व्हिक्टोरिया राणी. ती १८३७ ते १९०१ गादीवर होती. पेशवाई १८१८ लाच आटोपलेली. झाला सरदाराचा निकाल. कुलूप मागाहून बसवलेलं असू शकतं, म्हणून मिस्त्रींनी बुजवलेली भोकं शोधली. एकही नाही.

पलटणीचं म्हटल्यावर नाशिकजवळची लष्करी छावणी, देवळाली आलीच. पणजोबा कॅम्पात भाजीपाला पुरवायचे. मायदेशी परतणारे गोरे सोल्जर मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे पडून असत, आणि ती जहाजं फक्त हिवाळ्याच्या मोसमात. वाट बघून बघून डोकी फिरायची. इंग्रजीत चक्रम माणसाला 'डूलाली' म्हणतात ना, ती आपली देवळाली! तर अशाच कुणा साहेबाने जाताना कपाट विकलं असेल, नाहीतर भाजीच्या उधारीत वळतं केलं असेल. कागद नाही. मला उधारी पटते, पणजोबांच्या वहीत दुसरं काही नाहीच.

आत्याला फोन केला तर ती थंडपणे म्हणाली, "दोन तुकडे होतात हे तुला आत्ता कळलं? एकोणसत्तरच्या पुरात गंगेचं (गोदावरीचं) पाणी ओसरीवर चढलं तेव्हा दादांनी वरचा अर्धा उचलून माडीवर नेला. खालचा राहिला पाण्यात." म्हणजे खण अडकायचा तो त्या पुरामुळे. आणि मी मशीन लावून घासला, तो डागही पुराचाच.

आता आकडा. इथल्या एका दुकानदाराने 'जुनं सागवान' म्हणून बारा हजार सांगितले. मुंबईत चोर बाजारातला एकजण फोटो बघून नव्वदवर गेला आणि घासलेली बाजू पाहताच पंचावन्नवर आला. अर्ध्या तासाचे पस्तीस हजार, वर पॉलिशवाल्याची मजुरी. अर्थात हा त्याचा घेण्याचा भाव, दुकानात मांडल्यावर तो वेगळाच सांगेल. धाकटी म्हणते अमेरिकेला पाठव. पण शंभर वर्षांपलीकडची अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तिला ते पटत नाहीये, भांडण चालू आहे.

विकायचं अजून ठरत नाहीये. तुझं एक काम आहे. माझ्या मुंजीत तुझ्या बाबांनी ओसरीवर फोटो काढले होते. त्यातल्या एकात मी रडतोय आणि मागे कपाटाची डावी बाजू दिसते, डागासकट. तो शोध आणि मागे तारीख लिहिलेली असेल तर तीही फोटो काढून पाठव. आमच्याकडची प्रत वाळवीने खाल्ली.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मन्या