उद्यमनगरातल्या वायरमनदादांचे आभार

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात रात्री शटर ओढता ओढता आमच्यासाठी थांबलेले वायरमनदादा आणि त्यांच्या हाताखालचा मुलगा, दोघांचेही मनापासून आभार.

जुन्या जीपला दुसरं पेट्रोल इंजिन बसवलं होतं. आधीच्या इंजिनाचा डेल्को (प्लगना आळीपाळीने ठिणगी पोचवणारा डिस्ट्रिब्युटर) पॉइंटवाला, म्हणजे उघडझाप करणाऱ्या धातूच्या टोकांचा; या इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक, म्हणजे तेच काम मॉड्यूल नावाच्या सर्किटने करणारा. सेल्फ मारला की इंजिन पकडायचं, चावी सोडली की बंद. दादांनी कॉईलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) पॉझिटिव्हला मीटर लावला. लोडवर जेमतेम ७ व्होल्ट! जुन्या वायरिंगमधला बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलकडे जाणारं व्होल्टेज कमी करणारा रोधक) लाइनमध्येच होता. सेल्फ मारताना तो बायपास होतो, म्हणून तेवढ्यापुरतं इंजिन चालायचं. पॉइंटला कमी व्होल्टेज चालतं, मॉड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट लागतात.

त्यांनी रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) आणि १५ अँपिअरचा फ्यूज घालून सरळ वायर ओढली. बॅलास्ट काढल्यावर जुनी दीड ओहमची कॉईल जादा करंट खेचून मॉड्यूल जाळू शकते, म्हणून स्वतःच्या फळीवरची ३ ओहमची दिली. पॉइंटसाठी लागणारा कंडेन्सर काढला, डेल्कोच्या बुडाशी रंग खरवडून अर्थ पक्की केली. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) तीच, १-३-४-२, पण या इंजिनाच्या डेल्कोतला रोटर उलटा फिरतो. डेल्कोची टोपी काढून ते आम्हाला दाखवलं, मगच प्लगच्या वायरी लावल्या.

आणि त्या मुलाने न सांगता प्रत्येक वायरीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर पेनाने नाव लिहिलं. आता कुठल्याही गावातल्या मिस्त्रीला हे वायरिंग कळेल. केवढं मोठं काम! पैसे मात्र फक्त कॉईलचे घेतले. दादा, मजुरीही घ्यायला हवी होती तुम्ही.