बाकाची उंची, बाबांची वाईस आणि गोठ्यातली चौकट

प्रिय आई-बाबा,

सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एका टेबलापायी एवढा घोळ कशाला, सुतार बोलव आणि मोकळी हो," आणि तेवढ्यात रेंज गेली की बाबांनी कानातलं मशीन काढून ठेवलं, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, चष्मा लाव आणि मोठ्याने वाच, मधेमधे स्वतःची वाक्यं घालू नकोस.

आधी कामाचं. गोठ्यात जुन्या मागल्या दाराची सागाची चौकट आडवी पडलीय ना, ती मला हवीय. आख्खी नको, दोन उभ्या बाजू द्या, गणेशपट्टी आणि उंबरा तिथेच राहू देत. कशाला हवीय ते कळायला मी नक्की काय बनवतेय ते सांगायला हवं, कारण बाबा त्याला टेबल म्हणतात, आई ओटा म्हणते आणि तुमचे जावई शेजाऱ्यांना 'हिचा प्रोजेक्ट' म्हणून दाखवतात.

तर हा सुतारकामाचा बाक आहे. 6 फूट लांब, अडीच फूट रुंद, आमच्या पार्किंगमध्ये गाडी लावून जेवढी जागा उरते तेवढाच. जागा एवढीशी, त्यामुळे करवतीचं स्टँड वेगळं, राउटरचं (म्हणजे गरगर फिरणाऱ्या बिटने लाकडात खाच पाडणाऱ्या मशीनचं) टेबल वेगळं, रंधा मारायला बाक वेगळा आणि वस्तू जोडायला टेबल वेगळं असली चैन नाही, सगळं एकाच्याच अंगावर घ्यायचं. उजव्या टोकाला टेबल सॉ, म्हणजे वर पातं डोकावणारी विजेची करवत, बाकाच्या पोटात उतरवून बसवलीय, अशी की तिचं वरचं तोंड आणि बाकाची पाठ एका सपाटीत येते, म्हणजे लांब फळी उभी चिरताना ती पात्यातून निघून बाकावरच पुढे सरकत जाते, पलीकडे कोणी धरून उभं राहायला नको. डाव्या टोकाला राउटर खालून उलटा टांगलाय, नुसता बिट प्लेटमधून वर डोकावतो, आणि नको असेल तेव्हा बिट खाली घेतला की साधं टेबल. मधल्या भागात 20 मिमीची भोकं, दर 96 मिमीवर एक, उभ्याआडव्या ओळींत. आई, कॉलवर तू विचारलंस ना की वाळवी लागली का म्हणून, तर ती मी मुद्दाम पाडलेली आहेत. त्यांत खुंट्या बसतात, खुंटीला टेकवून फळी रंधता येते, आणि भोकं नेमक्या काटकोनात असल्याने दोन खुंट्या इकडे आणि दोन तिकडे लावल्या की गुण्या न लावता काटकोन मिळतो. क्लॅम्पही त्यातूनच खाली घालून आवळता येतात.

आता उंची, कारण आमचं वाजलं ते त्यावरूनच. बाबांचं म्हणणं, बाक कोपराइतका हवा, आख्खी नोकरी डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली, तू मला शिकवतेस का. बाबा, तुमचं बरोबर आहे, पण ते लोखंडाच्या कामाला बरोबर. कानस मारताना वाईसचे, म्हणजे वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंजाचे, जबडे कोपराच्या उंचीला असले की हात जमिनीला समांतर चालतो आणि खांदा दुखत नाही. रंधा मारताना मात्र अंगाचं वजन वरून पडायला हवं, जोर पायातून आणि कमरेतून येतो, बाक उंच असेल तर सगळं काम नुसत्या दंडावर येतं आणि अर्ध्या तासात माणूस गळपटतो. म्हणून सुताराचा बाक खाली, ताठ उभं राहून हात सोडला की मनगट जिथे येतं साधारण तिथे. माझं ते 32 इंच येतं, बाक 32 इंच आहे, त्यात बदल होणार नाही.

पण तुमची सोय केलीय. 3 इंच जाडीचा एक ठोकळा बनवतेय, त्याच्या खालून एक जाड जीभ बाहेर काढलीय, ती बाकाच्या पुढच्या लाकडी वाईसमध्ये घालून आवळली की ठोकळा जागेवरून हलत नाही. ठोकळ्यावर तुमची लोखंडी वाईस बोल्टने बसेल. 32 अधिक 3, वर वाईसची स्वतःची 7 इंचांची उंची, म्हणजे जबडे 42 इंचांवर. तुमचं कोपर मी दिवाळीत मोजून ठेवलंय, शर्टाचं माप म्हणून सांगितलं होतं ते हेच. शर्ट येईल तेव्हा येईल. काम झालं की ठोकळा काढून खाली ठेवायचा, बाक परत माझा.

खरं तर आपल्याकडच्या सुतारांना उंचीची ही भानगडच नव्हती. माजघराची दारं केली तेव्हा सुतारकाका अंगणात फतकल मारून बसायचे, एका पायाने फळी दाबून धरायची, दुसऱ्या पायाच्या बोटांत पट्टी पकडायची आणि दोन्ही हात पटाशीला मोकळे, वाईसही नको आणि क्लॅम्पही नको. मी तसं बसून करून पाहिलंय. काम होतं, पण उठताना आधाराला कोणीतरी लागतं आणि ही वयाची चाळिशी. बाबांच्या गुडघ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

"सुतार बोलव" याचं उत्तर. आमचं किचन ज्या मिस्त्रींनी केलं त्यांना मी बोलावलं होतं, भला माणूस, हात सोन्याचा. ते म्हणाले, प्लायचं टेबल करून वरून सनमायका लावून देतो, पुसायला सोपं. किचनला उत्तमच, पण बाकावर सनमायका म्हणजे फळी साबणाच्या वडीसारखी पळणार, वरून गुळगुळीत, चिकटवायचं म्हटलं तर फेविकॉलही धरत नाही. आणि माझी करवत किती उंच, माझा राउटर किती खाली येतो, माझा हात कुठवर पोचतो हे त्यांना कसं कळणार, ते माझं मलाच एकेक वस्तू जागेवर ठेवून बघावं लागतं. खर्च म्हणाल तर लाकूड, प्लाय, चाकं, वाईस, नटबोल्ट मिळून 25 हजारांच्या आत बसवतेय. मशिनी त्यात नाहीत, त्यांचा विषय काढू नका.

वरचा पृष्ठभाग कसा केला ते बाबांना आवडेल. नुसता जाड प्लाय टाकला तर 6 फुटांत मधे झोळ येतो, आणि एकावर एक चार थर चिकटवले तर हलवणार कोण, 18 मिमीचा 8 बाय 4 चा एक आख्खा प्लायच 30-35 किलोचा भरतो. म्हणून आतून पोकळ केला. 4 इंची पट्ट्या उभ्याआडव्या, एकमेकींत अर्धी अर्धी खाच पाडून अडकवलेल्या, आणि त्या जाळीवर वरून प्लाय, खालून प्लाय, सगळं फेविकॉलने चिकटवून एकजीव. भोकांच्या खाली मात्र खालचा प्लाय कापून खिडक्या सोडल्यात, नाहीतर भुसा आतच साठून राहिला असता. वजनाला हलकं होतं आणि वाकत नाही. पण यात एक खोच आहे, चिकटवताना हे ज्या आकारात असतं त्याच आकारात कायमचं बसतं. खाली आधाराला ठेवलेल्या लाकडी घोड्या वेड्यावाकड्या असतील तर पिळ कायमचा, मग रंधा मारा की डोकं आपटा.

आणि आमच्या पार्किंगला पाणी जायला उतार काढलेला आहे, डोळ्यांना दिसत नाही पण गाडी धुतली की पाणी बरोबर गेटकडे पळतं. त्यामुळे जमिनीवर विसंबून काही करायची सोय नव्हती. समोरच्या बांधकामावरच्या गवंड्यांकडून पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली, एक टोक ह्या घोडीला, एक टोक त्या घोडीला, दोन्हीकडचं पाणी एका रेषेत येईस्तोवर पायाखाली पाचरी सारल्या. मग दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवली, खाली उकिडवी बसले, एक डोळा मिटून अलीकडच्या पट्टीच्या कडेवरून पलीकडची कड बघायची. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर पिळ नाही, एका बाजूला पलीकडची जास्त दिसली तर तिथलं टोक वर आहे. शेवटी डाव्या घोडीखाली पत्त्यांच्या कॅटमधला जोकर घातला तेव्हा जुळलं. एका पत्त्याच्या जाडीने फरक पडतो यावर जावयांचा विश्वास नव्हता, त्यांनाही उकिडवं बसवून दाखवलं. मग चिकटवलं, वर घरातलं वजनदार जे सापडेल ते ठेवलं, तांदळाची गोणीसुद्धा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

पायांना चाकं आहेत, पण बाक चाकांवर उभा राहणार नाही. ढकलायचा असेल तेव्हा बिजागरीवरचे ठोकळे पायाने दाबले की चाकं टेकतात, ठोकळे सोडले की बाक चार पायांवर बसतो, आणि ते पाय खालून बोल्टने वरखाली होतात, उतारासाठी. रंधा मारताना बाकच पुढे पळायला लागला तर काय उपयोग, म्हणून खालचे ड्रॉवर जड हत्यारांनी भरणार आहे.

आता आईचं. बोटांची काळजी करू नकोस असं मी म्हणणार नाही, करवत ती करवतच, मी पण करते. पात्याच्या मागे चिरलेली फट उघडी ठेवणारी लोखंडी पट्टी असते, ती मी काढत नाही, कारण लाकूड मिटून पात्याला घट्ट धरलं की फळी उलटी अंगावर येते. पात्याच्या सरळ रेषेत उभी राहत नाही. फळी ढकलायला लाकडाचीच काठी, हात पात्याजवळ नेतच नाही. आणि तू हातमोजे घाल म्हणतेस ना, तर चालत्या करवतीजवळ हातमोजे घालायचेच नसतात, कापडाचा एक धागा अडकला तरी हात आत ओढला जातो. ओढणी, बांगड्या, सैल बाही, सगळं आधी बाजूला. केस तर तू लहानपणी बांधायचीस तसे करकचून.

धुळीचंही केलंय. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट, कॅन्सरच्या कारणांच्या यादीत ती आहे, त्यामुळे त्यात हयगय नाही. करवतीच्या आणि राउटरच्या तोंडाला व्हॅक्युमचे पाइप लावलेत, मधे बादली, भुसा भोवऱ्यात फिरून बादलीतच पडतो, शिवाय एन-95 मास्क. बाबा आले की त्यांनी मशीन चालू असताना घरात बसायचं, दम्याला कोपर-मनगटाचे नियम चालत नाहीत. करवत 1800 वॅटची आणि व्हॅक्युम 1200 चा, दोन्ही एकदम चालले की 13 अँपिअर खेचतात, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून 4 स्क्वेअर एमएमची वायर टाकून वेगळी लाइन आणि 16 अँपिअरचा सॉकेट करून घेतला, वर आरसीसीबी, म्हणजे 30 मिलिअँपिअर करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. आणि दुपारी 1 ते 4 मशीन बंद. तो नियम माझा नाही, पुण्याचा आहे.

आता चौकट कशाला. बाकाची पुढची कड आणि वाईसचा लाकडी जबडा प्लायचा चालत नाही, थर उकलतात, पटाशीचा मार बसला की कोपरे उडतात. तिथे भरीव लाकूड हवं. टिंबर मार्केटला जाऊन आले, नवा साग मिळतो, पण घनफुटाचा भाव ऐकून मी चहा पिऊन परत आले. शिवाय नवं लाकूड अजून हलतं, पावसाळ्यात आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. आपली चौकट इतके कोकणी पावसाळे बघून बसलीय की तिची जेवढी काय खोड जायची ती गेली असणार. थोडं तरी हलेलच, लाकूडच ते, पण लांबीत जवळपास काही फरक पडत नाही आणि मी ती कडेला लांबीनेच लावणार आहे. वरून अळशीचं तेल. (आई, तेलाची फडकी मी बोळा करून ठेवत नाही, ती आपोआप पेट घेतात, दोरीवर पसरून वाळवते. तुझ्या मनात येण्याआधीच सांगितलं.)

तर बाबा, एवढं करा. उभ्या बाजूंची जाडी-रुंदी टेपने मोजून फोटो पाठवा, दोन सूत इकडेतिकडे चालेल. उंबऱ्याकडचं टोक ओल लागून पोचट झालं असेल, तिथे पटाशीचं टोक घुसवून बघा, जिथवर मऊ लागतं तिथवर खडूची खूण करा, कापू नका. लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, बिजागरीच्या खाचांत तुटलेले स्क्रू नक्की असणार, एक जरी राहिला तर माझ्या पात्याचे दात गेले. वाळवीची माती दिसली तर ते लाकूड गाडीत चढवूच नका. सागाच्या वाहतुकीला पास लागतो, म्हणून वनखात्याच्या ऑफिसात जुन्या चौकटीचं विचारून या, चौकट घरातली आहे हे दाखवायला दुरुस्तीच्या वेळचे फोटो आईच्या मोबाईलमध्ये आहेत. कागद झाला की एसटीच्या पार्सलचं तुम्हीच बघा, तिथे माझ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतील.

तुमची वाईस मात्र पार्सलने पाठवू नका, तुम्ही येताना आणा. ठोकळ्याला बोल्टची भोकं मी अजून पाडलेली नाहीत, तिच्या बुडाचं माप समोर असल्याशिवाय पाडणारही नाही. मे महिन्यात या, आंबे उतरवून झाले की.

आई, आमसुलं आणि आगळ पाठवणार असशील तर लाकडाबरोबर बांधू नकोस, मागच्या वेळी बाटली गळली होती आणि सगळ्या पिशव्यांना आगळाचा रंग लागला होता.

तुमची,
बाळी

ता. क. आई, पोळपाट डगडगतो म्हणालीस ना, तोही आण, दहा मिनिटांचं काम आहे.